जेवण मागणारी चांदणी

ते साल एकोणीसशे शहाऐंशी. त्या वर्षी शेपटीवाला तारा येऊन गेला म्हणतात, पण आमच्या मोरेत्लवेंग गावात तो कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही. आमची नजर वर जायची ती ढगांसाठी, आणि ढग नाहीत म्हटल्यावर लगेच खाली यायची. दुष्काळाचं पाचवं वर्ष होतं. गाई इतक्या रोडावल्या होत्या की त्यांना उठवायला एक माणूस शिंगांकडे आणि एक शेपटीकडे लागायचा.

मी तेव्हा शाळेत स्वयंपाकीण होते. नवरा जोहान्सबर्गकडे खाणीत. दुष्काळाचं म्हणून सरकारकडून ज्वारी, चवळी आणि तेल यायचं. ते मुलांसाठी शिजवायचं आणि कोठीची किल्ली गळ्यात घालून झोपायचं, ही माझी नोकरी. धाकटी बहीण सेतुन्या माझ्याकडेच राहायची. ती दवाखान्यात पट्ट्या बांधायची आणि बांधता बांधता जखम कशी झाली यावरून माणसाला असं फैलावर घ्यायची की पुरुष लहानसहान जखमा घरीच बऱ्या करू लागले होते. अशा मुलीने लग्न ठरवलं ते शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरशी. ओदिरिले त्याचं नाव. लोबात्सेकडचा, शहरात वाढलेला, मऊ बोलणारा.

ठरवलं म्हणजे तिने ठरवलं. आमचे वडील गेलेले, त्यामुळे घरातला शब्द मामाचा.

मामा मोत्लाबाने म्हणजे उंच, वाळका माणूस. दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आला होता आणि तेव्हाचा लष्करी कोट अजून घालायचा, उन्हाळ्यातसुद्धा. त्याला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, आपला नेम. दुसरी, आपली भाषा. चावडीवर एखाद्या शब्दावरून वाद झाला की गावप्रमुख म्हणायचे, "मोत्लाबानेला विचारा." मग मामा उठायचा, शब्दाची साल काढायचा, आतला गर दाखवायचा आणि बसायचा. त्याच्यापुढे कोणी बोलत नसे.

ओदिरिलेचे काका-मामा मागणी घेऊन दोनदा येऊन गेले होते. पहिल्यांदा ते ऊन वर आल्यावर आले. मागणी पहाटे करायची असते हे लोबात्सेची माणसं विसरली आहेत, असं सांगून मामाने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा ते बिचारे अंधारातच येऊन थंडीत कुडकुडत बसले. मामाने त्यांना आत घेतलं, बसवलं आणि विचारलं, "मुलगा संध्याकाळी काय करतो?"

त्यांच्यातला एक खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "तारे बघतो, रा." वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे रा म्हणतात, बाईला म्मा.

"संध्याकाळी गुरं घरी येतात," मामा म्हणाला, "आणि हा वर बघत असतो. गुरं कोणाच्या गोठ्यात शिरतात ते कोण बघणार?"

त्यांनाही परत जावं लागलं. सेतुन्या दोन दिवस मामाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी इतकं बोलली की मामानेच हात वर केले. म्हणाला, "ठीक आहे. मी त्याला एकदा चार लोकांत बघेन. मग हो म्हणेन नाहीतर नाही म्हणेन. त्यानंतर ह्या विषयावर माझ्या दारात कोणी खोकायचंसुद्धा नाही."

नेमकी त्याच सुमाराला ओदिरिलेला शिक्षकांच्या कॉलेजातून एक मोठी दुर्बीण मिळाली, शनिवार-रविवारपुरती. त्याला वाटलं, याहून चांगली संधी नाही. गावाला शाळेच्या मैदानावर बोलवावं, तारे दाखवावेत. मामालाही कळेल की संध्याकाळी वर बघणारा माणूस अगदीच वाया गेलेला नसतो. मामाला निरोप गेला. मामाने उत्तर पाठवलं: "येतो. त्या दिवशी जे दिसेल त्यावर ठरवतो."

ऑगस्ट महिना होता. त्या दिवसांत शुक्राची चांदणी संध्याकाळी पश्चिमेला चांगली वर असायची. आमच्या भाषेत तिला कोपादिलालेलो म्हणतात, म्हणजे रात्रीचं जेवण मागणारी. ओदिरिलेने ठरवलं, आधी तीच दाखवायची.

दवंडी द्यायला आमच्या गावात म्हातारा सेबोगोडी होता. त्याचे पुढचे दात गेले होते, म्हणून तो लांब वाक्यं टाळायचा. ओदिरिलेने त्याला नीट समजावून सांगितलं, "रा, लोकांना सांगा, शनिवारी कोपादिलालेलो दिसली की शाळेच्या मैदानावर या, मी तुम्हाला ती जवळून दाखवणार आहे, बसायला आपापली खुर्ची आणा."

सेबोगोडीने मान डोलावली. आणि सगळ्या वस्त्यांतून ओरडत गेला, "शनिवारी! मास्तरकडे! कोपादिलालेलोला या! खुर्च्या आणा!"

आता शहरातल्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण आमच्याकडे जुनी माणसं 'आज आमच्याकडे कोपादिलालेलोला ये' असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो: रात्री जेवायला ये. त्यात खुर्च्या आणायला सांगितलं म्हणजे साधंसुधं जेवण नाही. आणि बोलावणारा कोण, तर मोत्लाबानेची भाची मागणारा मास्तर. गावाने दोन अधिक दोन केले आणि उत्तर बैल आलं. मास्तर बैल कापणार.

मला यातलं काही माहीत नव्हतं. दवंडीच्या वेळी मी शाळेच्या चुलीपाशी धुरात होते. शनिवारी दुपारी नळावर म्मा-बाथुसी भेटली. आमच्या वस्तीतली सर्वांत म्हातारी आणि सर्वांत आगाऊ बाई.

"काय गं गालेबोए, हंड्या किती चढवल्यास?" तिने विचारलं.

"आज शनिवार आहे, म्मा. शाळा बंद."

"बरं, बरं. नको सांगूस." तिने एक डोळा मिचकावला. "पण मी सकाळपासून तोंडात काही घातलेलं नाही, एवढं मास्तरच्या कानावर घाल."

दुष्काळात माणसं असं बोलायचीच. मी बादली डोक्यावर घेतली आणि घरी आले.

दिवस कलायच्या आधी मी मैदानावर गेले. ओदिरिलेने पाण्याच्या टाकीजवळ दुर्बीण उभी केली होती आणि धूळ बसू नये म्हणून तिच्यावर घोंगडी टाकली होती. लोक यायला लागले होते. खुर्च्या, स्टुलं, चटया, काखेत पोरं. बायांच्या शालींखालून काहीतरी वाजत होतं. आमच्या लोखंडी हंड्यांना तीन पाय असतात, आणि दोन पुरुष लांबूनच घोंगडीकडे बघत बोलत होते.

"तीन पाय आहेत. हंडीच ती."

"एकच?"

"मोठी असेल."

"मग खाली जाळ का नाही?"

"शिजवून आणली असेल. म्हणून तर घोंगडी घातलीय. ऊब राहायला."

मी शेजारच्या बाईला विचारलं, तेव्हा मला दवंडीचे शब्द कळले. तेवढ्यात ओदिरिले माझ्याकडे धावत आला. त्याचा चेहरा असा फुलला होता की मला त्याची दया आली.

"म्मा, बघितलंत? मला वाटलं होतं, फार तर वर्गातली मुलं येतील. अख्खं गाव लोटलंय! आपल्या लोकांना आकाशाची केवढी ओढ आहे!"

"मास्तर," मी म्हटलं, "आकाश बघायला चमचा कशाला लागतो?"

त्याने वळून बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. पहिल्या रांगेत म्मा-बाथुसी इनॅमलची ताटली मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या शेजारी तिची सून, सुनेच्या मांडीवर दोन ताटल्या. मागे एक माणूस कप आपल्या गुडघ्यावर वाजवून बघत होता.

मी त्याला दवंडीचा अर्थ सांगितला. तो मटकन खाली बसला, धुळीतच.

"आणि मामा?" त्याने विचारलं.

"मामाला तर तू स्वतः निरोप धाडलास."

"मी काय लिहिलं होतं... कोपादिलालेलोला या." त्याने डोकं धरलं. मग माझ्या गळ्यातल्या किल्लीकडे त्याची नजर गेली. मीही किल्लीवर हात ठेवला.

"नको," तोच म्हणाला. "ते मुलांचं आहे."

"ते मुलांचं आहे," मी म्हटलं. तोवर मला तो बरा वाटत होता, त्या क्षणापासून आवडायला लागला.

"माझ्या खोलीवर माशांचे दोन डबे आहेत," तो म्हणाला.

चर्चमध्ये आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं की एकदा दोन माशांत हजारो लोक जेवले होते. पण तिथे निदान भाकरी होत्या, आणि वाढणारा वेगळा होता.

सेतुन्या धापा टाकत आली. "ताई, मामा निघालाय. कोट घालून. शिंगाचा चमचा खिशात आहे, मामी सांगत होती. आणि घरी चूलच पेटवू दिली नाही म्हणे. 'आज मास्तर जेवू घालणार आहे' म्हणाला." तिने आम्हा दोघांची तोंडं बघितली. "काय झालं?"

तिला सांगितलं. ती आधी हसली. मग तिला आठवलं की मामा आज काय ठरवणार आहे, आणि तिचं हसू गेलं.

मामा आला. लोकांनी वाट करून दिली. त्याने घडीची खुर्ची अगदी पुढे मांडली, बसला, कोटाची बटणं सोडली. जेवायला बसताना सोडतात तशी.

"दुमेला, मास्तर. कधी वाढ... कधी सुरू करताय?"

"अंधार पडला की, मामा," ओदिरिले म्हणाला.

"लोबात्सेला अंधारात सुरू करतात होय?"

ओदिरिलेने काय करावं? खरं सांगावं तर लोक उठून जाणार आणि मामा सगळ्यांच्या आधी. त्याने घोंगडी काढली. जमावातून एक मोठा निःश्वास निघाला, आणि मग दुसरा, पहिल्याहून खालच्या सुरातला.

"ही कसली हंडी?" मागून कोणीतरी म्हणालं. "याला तोंड बाजूला आहे."

तोवर पश्चिमेला, गोठ्यांच्या वर, चांदणी स्पष्ट झाली होती. ओदिरिले बोलायला लागला. त्याने सांगितलं की ही नळी लांबचं जवळ आणते, की कोपादिलालेलो हा तारा नाही, आपल्या पृथ्वीसारखाच एक गोल आहे. लोक शांतपणे ऐकत होते. आमच्याकडे जेवणाआधी कोणीतरी बोलतंच, मग ते प्रार्थना करोत की भाषण. मास्तर प्रार्थना जरा लांबवतोय, एवढंच लोकांना वाटत होतं.

"आता एकेकाने पुढे या," तो म्हणाला.

रांग झाली. ताटल्या घेऊनच. म्मा-बाथुसी पहिली. तिने ताटली नळीच्या टोकाखाली धरली आणि थांबली.

"डोळा लावा, म्मा," ओदिरिले हळूच म्हणाला.

तिने डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अर्धी कोणीतरी खाल्लीय."

हशा झाला. पण पुढच्याने बघितलं आणि तोही म्हणाला, "खरंच की, अर्धीच आहे." त्याच्या पुढची म्हणाली, "कापल्यासारखी. सुरीने." ओदिरिले सांगायचा प्रयत्न करत होता की सूर्याचा उजेड एका बाजूने पडतो म्हणून ती तशी दिसते, पण लोकांनी आपला अर्थ लावला होता.

"वरसुद्धा रेशन अर्ध्यावर आणलंय!"

"मग आपल्याला कसं पुरं मिळणार?"

"मास्तर, खाली काय आहे ते दाखवा आता!"

मग मामा उठला. मामा नळीजवळ गेला, पाय फाकवून उभा राहिला, डावा डोळा घट्ट मिटला आणि उजवा लावला. बंदूक धरताना तो असाच उभा राहायचा. मी सेतुन्याचा हात घट्ट धरला. कारण घरातल्या आम्हा बायकांना ठाऊक होतं की मामाच्या उजव्या डोळ्यात पडदा आला होता. त्या डोळ्याने त्याला दिवा म्हणजे पीठ सांडल्यासारखा दिसायचा. हे तो कोणाला सांगायचा नाही, आणि आम्हीही आम्हाला माहीत आहे हे त्याला सांगायचो नाही. पण नेम धरायचा डोळा उजवाच, मग त्यात काही दिसो न दिसो.

मामा सरळ झाला. "पूर्ण आहे," तो म्हणाला. "गोल. ताटासारखी."

कोणीतरी फिसकन हसलं. म्मा-बाथुसी म्हणाली, "अरे मोत्लाबाने, अर्धी आहे, अर्धी. मी बघितली ना."

"तुझं वय झालंय, म्मा."

"आणि तुझं काय शाळेत नाव घालायचंय?"

हशा वाढला. मामाच्या मानेची शीर फुगली. तो ओदिरिलेकडे वळला. "मास्तर. नळी तुमची. तुम्हीच सांगा सगळ्यांना. पूर्ण आहे की अर्धी?"

सेतुन्याने ओदिरिलेकडे असं बघितलं की दगडाला कळलं असतं: म्हण, पूर्ण. म्हण आणि मोकळा हो. चांदणीला काय फरक पडणार होता?

ओदिरिलेने ओठ ओले केले. "अर्धी आहे, मामा," तो म्हणाला.

सेतुन्याने डोळे मिटले.

मामाने खिशातून शिंगाचा चमचा काढला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि पुन्हा खिशात घातला. "मला कोपादिलालेलोला बोलावलं. मी घरात चूल पेटवू दिली नाही. इथे जेवण नाही. आणि वर माझा डोळा खोटा." त्याने खुर्चीची घडी घातली. "मी बघायला आलो होतो. बघून झालं."

"जेवण नाही?" मागून आवाज आला. "म्हणजे काय, जेवण नाही?" आणि मग ताटल्यांवर चमचे वाजायला लागले.

तेव्हा सेतुन्या मामाच्या वाटेत जाऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत, रडली नाही. दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "मामा, जायच्या आधी एका शब्दाचा अर्थ सांगून जा."

मामा थांबला. शब्द म्हटला की तो थांबायचाच.

"कोपा म्हणजे काय?"

"मागणं," मामा म्हणाला. "हे पोरंसुद्धा सांगतील."

"वाढणं नाही?"

"वाढणं कसं असेल? कोपा म्हणजे मागणं. जो मागतो तो..." मामाचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणजे कोपादिलालेलो जेवण मागते. वाढत नाही," सेतुन्या म्हणाली. "मास्तरने काय सांगितलं होतं? शनिवारी ती मैदानावर येणार. ती आली. वर बसलीय. आणि आपण सगळे पाहुणीसमोर रिकाम्या ताटल्या वाजवतोय. मामा, आमच्या घरात असं कधी झालं होतं?"

मग म्मा-बाथुसीने मांडीवर थाप मारली. "अगं बाई गं! आणि केवढी खंगलीय बिचारी! अर्धीच उरलीय! मोत्लाबाने, तुझ्या दारात आलेल्या माणसाला तू असं अर्धं सोडलं असतंस का?"

आता हसणं थांबेना. मामा घडीची खुर्ची काखेत घेऊन उभा. त्याच्याच भाषेने त्याला धरलं होतं आणि त्याला ते कळत होतं. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. शाळेला सर्वांत जवळचं अंगण त्याचं. सर्वांत पुढची खुर्ची त्याची. आणि त्याच्या गोठ्यात शेळ्या होत्या, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्याकडे काय बघता?" मामा म्हणाला.

सगळे फक्त बघत राहिले.

"मी म्हातारा माणूस आहे."

बघत राहिले.

"लंगडी घ्या," मामा शेवटी म्हणाला. "काळी, लंगडी. दुसरीला हात लावाल तर बघा."

"पुला!" म्मा-बाथुसी ओरडली, आणि सगळं मैदान "पुला! पुला!" म्हणून गर्जलं. पुला म्हणजे पाऊस, आणि आमच्याकडे आनंदालाही आणि आशीर्वादालाही हाच शब्द. त्या वर्षी तो शब्द तोंडात घेतला की घसा कोरडा पडायचा, पण त्या संध्याकाळी ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

कोठीतलं धान्य मुलांचं होतं, पण हंड्या काही मुलांच्या नव्हत्या. मी शाळेच्या तिन्ही हंड्या बाहेर काढल्या. गंमत अशी की त्या रात्री अख्ख्या गावात एकाही घरी चूल पेटली नव्हती, सगळे मास्तरकडे जेवायचे म्हणून. त्यामुळे शिजलेलं कोणाकडेच काही नव्हतं. बाया घरी पळाल्या आणि जे मिळेल ते घेऊन आल्या: ओंजळभर ज्वारी, चवळी, चवळीचा वाळवलेला पाला, कोणी कालची आंबील. म्मा-बाथुसीने शालीखालून साखरेची पुडी काढली आणि म्हणाली, ही फक्त माझ्या चहासाठी आहे. ओदिरिले माशांचे डबे घेऊन आला. मी ते पाल्याच्या भाजीत घातले. पुढे कितीतरी वर्षं बाया मला विचारायच्या, त्या दिवशीच्या भाजीत काय होतं गं?

पुरुष शेळीच्या कामाला लागले. पण शेळी म्हातारी होती, आणि म्हाताऱ्या शेळीचं मांस शिजायला वेळ लागतो. तोवर एवढ्या लोकांनी करायचं काय? मैदानावर एकच करमणूक होती. ओदिरिलेने नळी वळवली. त्याने गुरुजींसारखं बोलणं सोडून दिलं होतं. नुसता म्हणायचा, "हे बघा," आणि बाजूला व्हायचा. शनी दाखवला तेव्हा सेबोगोडी तिथून हलेचना.

"याने टोपी घातलीय," तो म्हणाला.

"कडं आहे ते, रा."

"टोपी आहे. रविवारी चर्चला निघाल्यासारखा दिसतोय." आणि दात नसलेल्या तोंडाने त्याने सगळ्या मैदानाला दवंडी दिली, "टोपीवाला आलाय! या!"

लोक पुन्हा रांगेत उभे राहिले. भुकेल्या माणसाचं लक्ष फार तीक्ष्ण असतं. मी वर्गाच्या खिडकीतून मुलं पेंगताना पुष्कळ बघितली होती, पण त्या रात्री कोणी पेंगलं नाही.

मामा चुलीपाशी बसून मांसावर देखरेख करत होता. मधूनच पश्चिमेकडे बघायचा आणि ओरडायचा, "हात चालवा! पाहुणी निघाली, आणि तुमचं अजून पाणीच उकळतंय!" पाहुणी आता त्याची झाली होती.

मग मी बघितलं, तो उठला. पाय मोकळे करतोय असं दाखवत टाकीजवळ गेला. ओदिरिले आणि सेतुन्या तिथेच होते, मीही काड्या वेचायला तिकडे गेले होते. मामा म्हणाला, "ती अजून दिसते का?"

ओदिरिलेने नळी पुन्हा चांदणीकडे वळवली. ती आता खाली झुकली होती. मामाने इकडेतिकडे बघितलं. मग उजवा डोळा मिटला. डावा लावला.

तो इतका वेळ बघत राहिला की मला चुलीची काळजी वाटायला लागली. शेवटी त्याने मान वर केली, घसा साफ केला.

"आता अर्धी झालीय," मामा म्हणाला. "मघाशी पूर्ण होती. तुम्ही लोकांनी स्वयंपाकाला फार वेळ लावलात."

ओदिरिलेने तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, तो म्हणणारच होता की, मामा, तिची कला इतक्या लवकर बदलत नाही. सेतुन्याने त्याच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून. त्याने तोंड मिटलं.

मामाने ते बघितलं. त्याला दिसायचं तेवढं दिसायचं.

"हं," मामा म्हणाला. "मघाशी खरं बोलायची वेळ होती तेव्हा खरं बोललास. आता गप्प बसायची वेळ आहे तर गप्प बसलास. दोन्ही जमणारा पुरुष मी आमच्या घरात अजून पाहिलेला नाही, माझ्यासकट." तो चुलीकडे वळला, आणि पाठ फिरवूनच म्हणाला, "तुझ्या लोकांना पाठव. पहाटे. आणि त्यांना सांग, घरून जेवून या. माझ्याकडे आता लंगडी शेळी नाही."

पुढचं थोडक्यात सांगते. लग्न पुढच्या वर्षी झालं, पाऊस पडल्यावर. दुष्काळ संपेपर्यंत थांबायचं असं मामाने सुचवलं, कारण रोडकी गुरं घेऊन आलेल्या व्याह्यांशी त्याला वाद घालायचा नव्हता. तरीही घातलाच.

म्मा-बाथुसी त्यानंतर तीन हिवाळे जगली. तिच्या मयतीला एवढे लोक आले की खुर्च्या पुरल्या नाहीत, आणि ती असती तर तिने उभं राहणाऱ्यांची नावं लक्षात ठेवली असती.

सेबोगोडीला कोणीतरी कर्णा आणून दिला. त्याने तो एकदाच वापरला. म्हणाला, यात माझा आवाज दुसऱ्याचा वाटतो. कर्ण्यात त्याच्या बायकोने कोंबडी बसवली.

मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन महालाप्येच्या हॉस्पिटलात झालं. पट्टी सोडल्यावर त्याने पहिल्यांदा मामीकडे बघितलं आणि म्हणाला, "तू कधी म्हातारी झालीस?" त्यानंतर मामी त्याला रोज सकाळी स्वतःचा चहा स्वतः करायला लावायची. तो नव्वदीपर्यंत जगला आणि शेवटपर्यंत चहा वाईटच करायचा.

ओदिरिलेची बदली फ्रान्सिसटाउनला झाली, मग माउनला. तो हेडमास्तर झाला, जाड झाला, टक्कल पडलं. त्याचं हृदय दोन हजार अकरा साली अचानक थांबलं, वर्गात, फळ्यापाशी. सेतुन्याने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. शाळेवर रागावली होती, की सुट्टीच्या दिवशी माणसाला कशाला बोलावलं. रडली ती नंतर, इथे येऊन, माझ्या अंगणात.

ती आता इथेच राहते. तिच्या दोन मुली आहेत, एक गाबोरोनेला दातांची डॉक्टर, दुसरी कुठल्या तरी बँकेत. माझा नवरा खाणीतून खोकला घेऊन परतला आणि फार दिवस राहिला नाही. शाळेला आता नवीन स्वयंपाकघर आहे, गॅसचं. मी निवृत्त झाले त्या दिवशी किल्ली मुख्याध्यापिकेच्या हातात दिली आणि घरी आले. रात्री झोप लागेना, गळ्याला काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं. मग सेतुन्याने आपल्या खोलीची किल्ली दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली, आणि म्हणाली, "घे. आता झोप. आणि घोरू नकोस."